राखण

सकाळी वाफ्यात बीट होतं, पानं नव्हती.
कातरीने छाटल्यासारखी नाही:
हरणाला वरचे पुढचे दात नसतात,
ते ओढून तोडतं, कड फाटकी राहते.
वेइक्कोला हे माहीत आहे. चाळीस नोव्हेंबर
त्याने याच जातीच्या जबड्यांत बोट घालून वय मोजलंय.
पण हा जुलै. जुलैत बंदूक कपाटात
आणि कायदा दारात.
आणि हात. हातांचं तो कुणाशी बोलत नाही.

सुपीरियर सरोवराच्या काठी उन्हाळा
पायातलं न काढणाऱ्या पाहुण्यासारखा येतो.
जूनपर्यंत बादलीतलं पाणी गोठतं, सप्टेंबरात पुन्हा.
मधल्या दिवसांत पिकेल ते खरं.
लेम्पी होती तेव्हा पिकायचं.
कुंपण तेव्हाही हेच, कोंबड्यांच्या जाळीचं, कमरेएवढं,
जे ओलांडताना हरणाचा श्वाससुद्धा बदलत नाही.
तरी एकही आत शिरलं नाही.
कसं, ते त्याने विचारलं नाही.
विचारायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी
तिच्या पश्चात वाढतेच आहे.

गावाने उपाय सांगितले, फुकट.
ट्रेवार्था न्हाव्याने पिशवीभर केस दिले:
"घे, अर्ध्या गावाचा वास आहे यात."
ते जुन्या मोज्यांत भरून टांगले.
पाद्रीणबाईंचे राखाडी, बँकेतल्या पोराचे लाल.
हरणांनी तीन रात्री मान ठेवला.
मग साबणाच्या वड्या, दोरीत ओवून.
मग कुजकी अंडी फवारली;
त्याने शेजारीण हिल्या तेवढी यायची थांबली.
मग रेडिओ, उपड्या बादलीखाली, रात्रभर:
हवामान, लाकडाचे भाव, बेसबॉल.
नवव्या डावात कुणीतरी घेवडा संपवला.

आठ फूट उंच लागेल, दुकानदार म्हणाला,
आणि खांब मोजून बिल हातात दिलं.
ते खिशात घालून वेइक्को संध्याकाळी
तिच्या तिपाईवर जाऊन बसला. पहिल्यांदाच.
ठेंगणी आहे. गुडघे कानाशी येतात.
तिपाईच्या पायांना मातीत तीन खळगे
आधीच तयार होते.

म्हणजे ती रोज इथेच बसायची,
दहाला मावळणाऱ्या उजेडात,
आणि बोलायची.
त्याला आत ऐकू यायचं, भांडी विसळताना:
फिनिशमध्ये, घेवड्याशी, नाहीतर मेलेल्या बहिणीशी.
तो म्हणायचा, वय झालं.

अल्डरच्या झुडपातून हरणी आली.
मागे पाडस, पाठीवरचे ठिपके अजून शाबूत.
बोल, त्याने स्वतःला सांगितलं.
एकावन्न वर्षं त्याला "हं" पुरलं होतं.
मग त्याने चष्मा लावला, बिल काढलं
आणि मोठ्याने वाचायला लागला:

देवदाराचे खांब, चौदा.
जाळी, आठ फुटी, दोन गुंडाळ्या.
दुटोकी खिळे, पाच पौंड.
बिजागऱ्या. कडी, एक.

हरणीचा एक कान वळला.
उचललेला पाय तसाच राहिला.
त्याने कर धरून एकूण वाचलं.
माल परत करायच्या अटी वाचल्या, बारीक अक्षरातल्या.
कागद उलटला. मागे काही नव्हतं.
आणि ती अजून उभी.

"कडी," तो म्हणाला, आणि घसा खाकरला,
"कडी आतून बसवू, का बाहेरून?"

पांढरं शेपूट वर गेलं. दोघं गेली.
अल्डरची फांदी जरा वेळ हलत राहिली.
डास उतरले. गाजरं होती अजून.

खांब शुक्रवारी येणार.
आज मंगळवार.
मधे दोन संध्याकाळी आहेत,
आणि बिल तर वाचून संपलं.