फेब्रुवारीतलं मीठ

फेब्रुवारीत आमच्या आगरात मीठ नसतं.
ग्वेरांदची सगळी खाचरं पाण्याखाली निजलेली,
फावडी शेडमध्ये, माझ्या हातांच्या भेगा बुजत आलेल्या.
तेव्हाच तुझी मावशी रिवानोन रेनहून आली,
तुला उचललं, कपाळाचा मुका घेतला
आणि ओठांवर जीभ फिरवून म्हणाली,
"ही खारट लागते."

आम्ही हसलो. इथे काय खारट लागत नाही?
दाराची कडी, दोरीवरचे टॉवेल, कुत्र्याचे कान.
रिवानोन हसली नाही.
"दोन आठवडे पोर घराबाहेर नाही," ती म्हणाली,
"मग हे आलं कुठून?"

नांतच्या इस्पितळात तुझ्या दंडाला
घड्याळासारखं काहीतरी बांधलं
आणि थेंबभर घाम गोळा केला.
आकडा आला एकशे चार.
डॉक्टर केरवेलानं एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं:
हे पेशीचं कातडं, तेलाचं, दुपदरी,
मीठ यातून आपसूक जात नाही.
म्हणून यात प्रथिनं रोवलेली असतात, आरपार,
प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं.
क्लोराइडचं जे आहे ती चौदाशे ऐंशी मण्यांची माळ.
तिफेनच्या माळेत पाचशे आठवा मणी नाही.

"म्हणजे दार मोडलंय?" सोआझिगनं विचारलं.
"दार बनतं. पण घडी जराशी चुकते,
आणि पेशीचेच तपासनीस
चौकटीपर्यंत पोचण्याआधी ते मोडीत काढतात.
तिथे नुसती भिंत राहते."

मग घामातलं मीठ आत परतत नाही,
छातीतलं बाहेर पडत नाही,
आणि मीठ नाही गेलं तर पाणी कशाला जाईल?

हे मला कुणी समजावायला नको होतं.
चिखलाच्या बांधात आम्ही पाटीच्या दगडाची फळी बसवतो,
फळीला भोकं, भोकांना लाकडी खुंट्या.
कुठली खुंटी कधी काढायची
हे शिकण्यात माझ्या बापाचे गुडघे गेले.
एक विसरली
की खालचं खाचर आटतं, गाळ डिंकासारखा धरतो.
पाकिटाच्या पाठीवर मी तुझी छाती पाहिली
आणि माझे हात
मांडीवर
खुंटी शोधत राहिले.

बांधाच्या कडेला सालिकोर्न उगवते,
बिनपानांची, बोटाबोटांची, अंगभर पाणी.
रिवानोन शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली,
हिच्या पेशीत आत एक पिशवी असते,
पिशवीच्या कातड्यात पंप.
तो सारखा आंबट कण आत ढकलतो;
ते बाहेर यायला धडपडतात,
तेव्हा प्रत्येकाच्या बदल्यात एक सोडियम आत घेतला जातो.
अख्खा समुद्र पिऊन
ती मीठ कोठीत कोंडते आणि हिरवी राहते.

त्या सप्टेंबरात ती तांबडी झाली होती.
मी पूर्ण बांध उपटून काढला.
एवढंसं तण, आणि त्याची दारं चालतात.
सोआझिगनं खिडकीतून पाहिलं, काही बोलली नाही.

तू पाच वर्षांची झालीस तेव्हा गोळ्या आल्या.
माळ वळताना तिला हात देतात, म्हणे,
घडी सावरून धरतात, चौकटीपर्यंत पोचवतात.
तुपकट काहीतरी खाऊन घ्यायच्या;
तू त्या खारट लोण्याच्या पावाबरोबर गिळतेस
आणि उरलेलं लोणी बोटानं.
नवा आकडा एकेचाळीस.
खोकला अजून आहे. पहाटेची पाठथोपटणी आहे.

काल फेब्रुवारीत, तू झोपेत असताना,
मी तुझ्या कपाळाचा मुका घेतला.
मी मिठाचा माणूस, ढीग नुसता बघून
त्यात किती ओल आहे ते सांगतो.
जीभ फिरवली. कळेना.
पुन्हा एकदा घेतला.
तू डोळे न उघडता बाहीनं कपाळ पुसलंस:
"बाबा, तुझ्या मिशा खारट आहेत."