हवेत वळता येत नाही

कॅसेट लावली की अकरा मिनिटं
यंत्र किंचाळत राहतं.
तेवढ्यात चहा होतो.
कपाच्या तळाशी खडीसाखर तडकते
आणि पडद्यावर पहिली वीट उमटते,
एमडेनच्या या स्वयंपाकघरात
हे दोन्ही एकाच क्षणी होतं.
निदान मला तरी तसं वाटतं, छत्तीस वर्षं.

योरिट, माझा भाचा, वय तेरा.
दोन विटा फोडल्या आणि म्हणाला,
‘गेझिनंमावशी, हा तर चोरलेला आहे!
ही वीट तिकडची. हा नळ तिकडचा.
डोकं आपटलं की नाणं, तेही तिकडचंच.
फक्त त्या बाप्याच्या जागी
लाल बुटांची मुलगी बसवलीय.’

खरं आहे.
तेव्हाही सगळ्या गावाला ठाऊक होतं.
मोठ्या कंपनीचं पत्र आलं म्हणे.
म्हणे, कारण पत्र कुणीच पाहिलं नाही.
एका मंगळवारी ट्यार्क्सच्या दुकानातून
खोकी गेली, भिंतीवरचं चित्र गेलं,
मागे राहिला
रंग न विटलेला चौकोन.
त्यावर म्हाताऱ्यानं पुढे छत्र्यांची जाहिरात लावली,
ती जरा लहान पडली.

आमच्याकडे खोका कधीच नव्हता.
विबकेनं खेळ उतरवून घेतला हायोकडून,
हायोनं बोटीवरच्या आतेभावाकडून,
त्यानं कुणाकडून, ते विचारायची रीत नव्हती.
तोही उतरवला तो
गोदीकामगारांच्या गायनमंडळाच्या कॅसेटवर.
टेप थांबवायची विसरले
तर खेळ संपल्यावर
बाबा अजून खर्जात गातात.
शेवटची दीड ओळ, बस.

मीही तशीच होते थोडी.
विबकेचा कोट,
विबकेचे बूट, पुढे कागदाचा बोळा कोंबून.
पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, ‘अच्छा, धाकटी विबके.’
कॅसेटवरचं तिचं अक्षर मी कित्त्यासारखं गिरवलं,
इतकं, की तिचे निबंध मीच उतरवू लागले.
पानाला दहा फेनिग.
खेळातही पहिली खेळाडू तीच.
ती मेली की माझी पाळी.
‘मी मेले, तू घे’, दिवसातून चाळीसदा,
आईला ते मुळीच खपायचं नाही.

योरिटला मी काही पटवून देत नाही.
नवव्या पातळीपर्यंत नेते
आणि काठी त्याच्या हातात देते.
दोन धुराडी, मध्ये दरी.
तो तिकडच्या सवयीनं उडतो,
वर पोचल्यावर घाबरून काठी मागे ओढतो.
तिकडे चालतं ते.
तिकडे हवेत गेल्यावरही मन बदलता येतं.
इथे पाय सुटला की सुटला.
लाल बूट ठरल्या कमानीत जातात
आणि जिथे पडायचं तिथेच पडतात.

एवढंच कुणाला उतरवता आलं नाही,
किंवा पहाटे तीनला, झोपेनं डोळे मिटत असताना,
कुणीतरी म्हणालं असेल, राहू दे.
त्या राहू दे वर आम्ही दोघींनी
एक अख्खा हिवाळा घालवला.

योरिट पडतो. पुन्हा पडतो.
‘तुटका खेळ आहे हा,’ म्हणतो,
पण काठी सोडत नाही.
खाली विबके गाडी लावायला जागा शोधतेय,
तिसरी फेरी, खिडकीतून दिवे दिसतात.
हा सातव्यांदा धुराड्याच्या काठाशी येतो,
थांबतो,
दोन पावलं मागे जातो,
आणि उडताना डावा खांदा झुकवतो,
जणू त्यानं मुलगी थोडी पुढे जाईल.
हे मी त्याला शिकवलेलं नाही.

मी कपात साय सोडते, ढवळत नाही.
बुटाचं टोक पलीकडच्या विटेला लागतं,
घसरतं.

‘मेलो,’ तो म्हणतो
आणि नजर पडद्यावरच ठेवून
काठी माझ्याकडे सरकवतो.