अळणी

पेरूजात पाव अळणीच.
झेलिंदाच्या भट्टीवर परका माणूस दुसऱ्या घासाला थबकतो,
ती बघतही नाही.
"पोपला विचारा," म्हणते, आणि फळी पुसते.

मिठावरचा कर वाढला, त्याला पाचशे वर्षं होत आली.
शहर लढलं, हरलं.
बंडखोरांची घरं पुरती पाडलीही नाहीत,
त्यांच्यावरच किल्ला चढवला.
छपरं कापली, गल्ल्यांवर कमानी टाकल्या,
खिडक्या तशाच, काळोखात उघडणाऱ्या.

आता तिथून सरकता जिना जातो.
झेलिंदाचा भाचा ओरेस्ते रोज
कुणाच्यातरी माजघरातून वर येतो,
मोबाइलमध्ये मान घालून.

त्याच्या कितीतरी आधी रोमनांचा वेढा.
गोफणीतून शिशाचे गोळे यायचे, त्यांवर शिव्या कोरलेल्या.
संग्रहालयात, काचेखाली, त्या अजून ताज्या आहेत.
मग शहर जळलं,
आणि जिंकणाऱ्याचं नाव जुन्या वेशीवर चढलं.
वेशीला काय, ती उभी आहे.

किल्लाही शेवटी लोकांनीच फोडला, पहारी घेऊन.
झेलिंदाच्या परसातली पायरी त्यातलीच,
असं ती सांगते. तिच्यावर तुळशीसारखं काही लावलेलं,
पण ते सॉसात जातं.

मीठ आता कोपऱ्यावर मिळतं, किलोची पिशवी, चिल्लरीत.
ओरेस्तेने एकदा गुपचूप चिमूटभर टाकलं.
तिने तुकडा मोडला, चावला,
अख्खा घाणा कबुतरांना घातला.

खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ.
ही न खाल्ल्या मिठाला जागते,
पहाटे तीनला, भट्टीपुढे,
ओठांवर आलेला घाम बाहीने टिपत,
कणकेत पडू न देता.