हातचा

अडतीस हजार डॉलर, ट्रेंट म्हणाला.
डागडुजीला वीस, तेही फार झाले.
मग एक लाख दहाला डोळे मिटून जाईल.
शुक्रवारी दुपारपर्यंत कळव,
मागे तिघे उभे आहेत.

सकाळची फेरी संपली, शाळेची बस आगारात लावली,
आणि काझिमिर मामाला घेऊन गेले.
त्याच्या हातात टॉर्च, माझ्या खिशात गोटी,
बसच्या बाकाखाली सापडलेली, कुठल्या पोराची कोण जाणे.

भिंती पांढऱ्याशुभ्र, रंगाचा वास अजून ओला.
तळघरातही तोच रंग,
पण फक्त कमरेपर्यंत.
मामा काही बोलला नाही, नुसता तळवा टेकवला.
भिंत मधेच पुढे आली होती,
भरपेट जेवलेल्या माणसासारखी.

वर येऊन मी गोटी जमिनीवर ठेवली.
ढकलली नाही, नुसती ठेवली.
ती निघाली, आधी जरा विचार करत,
मग कुणी हाक मारल्यासारखी,
दोन खोल्या ओलांडून थेट
सिंकखालच्या कोपऱ्यात.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारा मटार सोलत होता.
"तुम्ही पाचव्या," म्हणाला.
"बर्फ वितळलं की ब्यूलाच्या मुरंब्याच्या बरण्या
तळघरात तरंगायच्या.
आता ती वृद्धाश्रमात आहे. घर विकलं का हो तिनं?"

गाडीत मामाने कागद दोनदा वाचले.
"हा घर विकत नाहीये, पोरी.
घर घेण्याचा करार विकतोय.
मधले दहा त्याचे."

रात्री पोरांच्या हजेरीच्या वहीत मांडून बसले:
पाया, गटार, छप्पर, थकलेला कर,
रिकाम्या घराचा विमा.
बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.
दर वेळी हातचा राहूनच जाई.
खाली माझे एकेचाळीस हजार,
अकरा वर्षं पहाटे चारला वाजलेल्या गजराचे.

शुक्रवारी मी काहीच कळवलं नाही.
साडेबाराला त्याचा निरोप आला, एकच शब्द: गेलं.
खोटं कशाला सांगू, पोटात कालवलं.
टोलेडोत तेवढ्यात दुसरं काय मिळणार होतं?

ऑक्टोबरपासून माझी बस त्याच गल्लीतून जाते.
दाराला आता लाल रंग आहे.
पोरं चढेपर्यंत बघत राहते.

गोटी आणायची राहून गेली.
अजून त्याच कोपऱ्यात असेल,
किंवा एव्हाना
थोडी आणखी खाली.