सात दिवस पाणी

अण्णाप्पांनी भिंत उचलली
आमच्या खिडकीपासून वीतभर.
तेव्हापासून गजांतून दिसतो
गिलावा न केलेला त्यांचा ब्लॉक,
आणि आत येतात डास.

बुधगावचा दस्तगीर गवंडी आला.
चौकट काढली, कडेच्या विटा
छिन्नीनं फोडत गेला.
"दात पाडल्याबिगर, वहिनी,
जुनी भिंत नव्या विटंला धरत न्हाई."

मग फटीत खांद्यापर्यंत हात घालून
एकेक वर काढलं त्यानं:
दात गेलेली फणी, धाकटीचं शटलकॉक,
एक चमचा.

चमचा त्यांचा.
बेंदराला कमलाक्कांनी इथूनच
हुग्गीची वाटी दिली होती.
वाटी मी परत केली,
चमच्यावरून दोन दिवस बोलणं झालं.

शेवटची वीट तिरकी ठोकून बसवली.
"सात दिवस पाणी मारा,"
पैसे मोजता मोजता म्हणाला.

खिडकी होती तेव्हा
काचसुद्धा पुसली नाही मी नीट.
आता सकाळ-संध्याकाळ
तांब्या घेऊन उभी राहते.
भिंत पिते. किती पिते!
माधवनगरला नळ एक दिवसाआड.

चमचा चिंचेनं घासून ठेवलाय.
द्यायचा तर
रस्त्यावरून जावं लागेल.