बत्तिसावी खेळी

रविवार, पहाटेचे सव्वाचार.
ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या तळघरात
हीटर खोकतो आहे, आणि मी
कालचा सामना आवाजाशिवाय पाहतो आहे.
वरच्या कॅमेऱ्यातून बावीस माणसं
पाटावर सांडलेल्या मिऱ्यांएवढी.

काम साधं आहे. क्वार्टरबॅकच्या प्रत्येक निर्णयापुढे
अधिक किंवा वजा.
निकाल बघायचा नाही, मोठे कोच बजावतात,
चेंडू कुठे पडला ते विसर,
तो तिथे का फेकावासा वाटला ते लिही.

अकराव्या खेळीत एमरिक डूलीने
तिघांच्या गराड्यात चेंडू भिरकावला.
कुणाच्या तरी खांद्याला लागून तो उडाला
आणि आमच्याच माणसाच्या ओंजळीत. टचडाउन.
बँड वाजला. दंतवैद्य हॅलोरनने
पुढच्या रांगेतल्या बाईच्या टोपीवर कॉफी सांडली,
आणि ती हसली.
मी वजा लिहिलं.
बाभळीत आंबा अडकला
म्हणून बाभळीला मोहोर आला असं नाही.

एकोणिसाव्या खेळीत पहिला पर्याय झाकलेला,
दुसरा झाकलेला, तिसरा घसरून पडलेला.
त्याने चेंडू मुद्दाम रेघेबाहेर फेकून दिला.
लोकांनी हुर्यो केली.
अधिक. शेजारी पेन्सिलीने एक टिंब,
माझी शाबासकी. तिला रकाना नाही.

आता बत्तिसावी.
तिसरा डाउन, सात यार्ड हवेत, चार गुणांनी मागे.
आमच्या वहीत या खेळीचं नाव नऊ शब्दांचं,
आठ शब्द आठ जणांना कामाला लावतात
आणि नववा म्हणतो: बाकीचं तिथे जाऊन ठरवा.
मागे दोन राखणदार दिसले तर रिसीव्हरने आत वळायचं,
एकच दिसला तर थांबून मागे फिरायचं.
हे दोघांनी, एकमेकांशी न बोलता,
एकाच क्षणी ओळखायचं.
माझं लग्न अकरा वर्षं टिकलं.
किती अवघड असतं ते मला विचारा.

चेंडू हातात येतो तेव्हा राखणदार दोन.
एक फ्रेम पुढे. डाव्याची टाच उचललेली.
आणखी चार. तो खाली धावतो आहे.
आता मागे एकच.
एमरिकचं हेल्मेट किंचित वळतं. पाहिलं त्याने.
तो मागे फिरणाऱ्या माणसासाठी फेकतो,
आणि लमॉन्ट आत वळून
पाठमोरा पळत सुटलेला.
चेंडू नेमका तिथे, जिथे कुणी नाही,
निळ्या जर्सीतलं एक पोर सोडून.
ते सत्तर यार्ड पळालं.

नंतर माइकसमोर एमरिक म्हणाला,
माझी चूक. मी नीट वाचलं नाही.
लमॉन्ट बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता.
नाडी आधीच सुटलेली होती.

एमरिकला अधिक. लमॉन्टला वजा लिहायला
पेन टेकवतो, आणि सवयीने
खोक्यातून मनगटपट्ट्यांची कार्डं काढतो.
शुक्रवारी रात्री ही एकच खेळी बदलली होती.
छापली मी, कापली मी, घामाने भिजू नये म्हणून
चिकटपट्टी लावली मी.
एमरिकच्या कार्डावर नऊ शब्द.
लमॉन्टच्या कार्डावर आठ.

म्हणजे पोराने सांगितलं तेच केलं.
आणि रात्री वसतिगृहात त्याने दोन्ही कार्डं आठवून पाहिली असतील का,
की अजून स्वतःलाच शिव्या देत जागा आहे?

कागदावर अकरा नावं, अकरा रकाने.
कागद भरणाऱ्याचं नाव कोपऱ्यात, बारीक,
तारखेसारखं.

वर दार वाजतं. मोठे कोच बुटांवरचं बर्फ झटकतात,
जिन्यातूनच विचारतात,
'त्या बत्तिसावीचं काय? कोण चुकलं?'

माझं बोट बटणावर.
मी फिल्म मागे नेतो, चार फ्रेम, पाच.
राखणदार पुन्हा दोन होतात,
डावी टाच पुन्हा जमिनीवर टेकते.
जिन्याच्या पायऱ्या तेरा आहेत.