वीतभर तार

रबाळे गावात, जिन्याखालच्या दुकानात
हिराजी मढवींनी पहिल्या दिवशी
पेचकसाला हात लावू दिला नाही.
हातावर ठेवला एक सेल, टॉर्चचा बल्ब,
वीतभर तार.
म्हणाले, पेटव.

तारेचं एक टोक सेलला, एक बल्बच्या बुडाला.
काही नाही.
सेल उलटा केला. काही नाही.
बल्ब उडालाय, मी म्हटलं.
मिक्सरच्या पोटातून मान न काढता ते:
"जायला वाट दिलीस. यायला?"

चहा आला, गार झाला.
मग मी बल्ब सेलच्या डोक्यावरच टेकवला,
तार बुडाखाली दाबली,
मोकळं टोक बल्बच्या आट्यांना लावलं

तिळाएवढा उजेड.
बोट हललं, गेला.

"बटण म्हणजे तरी काय? हे हलणारं बोट."

बल्ब किती वीज खातो, मी विचारलं.
ते रस्त्याकडे बघत राहिले.
"सकाळी कंपनीच्या बसने जेवढ्या बाया गेल्या
तेवढ्याच उतरतात संध्याकाळी.
मोज पाहिजे तर.
फक्त दमलेल्या असतात."

उत्साहात मी बल्बच काढला,
तार नुसतीच या टोकापासून त्या टोकाला.
चटका बसला.
"काम नाही दिलंस, मग धावतच सुटणार ती."

रात्री ऐरोलीला, स्वयंपाकघरात
बटणावर बोट ठेवून उभी राहिले.
अंधारात काय करतेस, यांनी विचारलं.
म्हटलं, थांबा,
या भिंतीत परतीची तार कुठून जाते
ते बघतेय.